मुखरूच्या सात नकला

मुखरू मांदाळेचं अक्षर वैनगंगेच्या दोन्ही काठांवर ओळखीचं होतं. वडशाच्या बाजूचा नट असो की ब्रह्मपुरीच्या, कागद हातात आला की म्हणायचा, हे मुखरूचं. टपोरं, उभं, जरा मागे रेललेलं अक्षर. चालत्या बैलगाडीत बसूनही वाचता यावं असं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई आली की नाटक आलंच. पण नाटकाचं पूर्ण पुस्तक नटाच्या हाती द्यायची रीत आमच्याकडे नव्हती. ज्याला जेवढं बोलायचं, तेवढंच त्याला उतरवून मिळायचं. त्याच्या प्रत्येक वाक्याआधी समोरच्याच्या बोलण्याची शेपटी लिहिलेली असायची, म्हणजे तोंड कधी उघडायचं ते कळावं. या उताऱ्याला आम्ही नक्कल म्हणतो. अख्खं नाटक ठाऊक फक्त दोघांना, लिहिणाऱ्याला आणि नक्कल उतरवणाऱ्याला. आमच्या मंडळीत लिहिणारे भैयाजी. मंडळीही त्यांचीच. आणि सव्वीस वर्षं नक्कल उतरवणारा, प्रयोगाला विंगेत बसून विसरलेल्या नटाला हळूच पुढचा शब्द देणारा, मुखरू. मी पडद्याच्या दोरीवर होतो, मुखरूच्या अगदी शेजारी. म्हणून मला हे सांगायचा हक्क आहे.

२००५च्या पावसाळ्यात मुखरूचा उजवा हात थरथरू लागला. मुखरू ढिवराच्या घरचा. लहानपणी बापाच्या शेजारी बसून त्याने तलावावर जाळी विणली होती. त्या बोटांना आता साधा काना ओढता येईना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भैयाजींनी त्याचा एक कागद पाहिला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले,

"मुखरू, हे नक्कल आहे का कोंबडीनं खरवडलं?"

"हात ऐकून नाई राह्यला, भैयाजी."

"मग आराम कर. औंदा दुसरा माणूस पाहतो."

मुखरूने कागद घडी करून खिशात ठेवला. माझ्यासोबत नदीपर्यंत चालत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "विंगेत मी नाई राह्यलो, त मी कुठी राहू?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, "भाऊबीजेले पहिला प्रयोग. त्याच्या आधी सातही पात्रांच्या नकला उतरवून दाखवतो. कशाही." भैयाजींकडे परत जाऊन त्याने तेवढी मुदत मागून घेतली. भैयाजींनी दिली, पण दुसऱ्या माणसाला निरोपही धाडून ठेवला.

ब्रह्मपुरीत जया रामटेके नावाची बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. आधी तिच्या वडिलांचं टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. टाइपरायटर गेले, त्यांच्या टेबलांवर लिलावात घेतलेले तीन जुने कॉम्प्युटर आले. मुखरू तिथे गेला तो मराठी टाइप करून मिळते का, एवढं विचारायला. जयाबाई म्हणाली, "मी काऊन करून देऊ, मुखरूभाऊ? तुम्हीच करा ना. डावा हात आहे ना चांगला?"

हेच वाक्य मुखरूने धरून ठेवलं.

पुढचा सव्वा महिना तो रोज सकाळच्या एसटीने जायचा आणि दिवे गेले की परत यायचा, कारण त्या वर्षी भारनियमनाला सुमार नव्हता. संध्याकाळी आमच्या घरी आला की त्याच्या तोंडाला खळ नसायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण आषाढात तलावावर मासा चढतो तेव्हा ढिवराच्या पोराचे डोळे जसे होतात तसे त्याचे डोळे झाले होते.

"अगा, चालू केलं का काळ्या पडद्यावर अक्षरांचा पूर येते! सरसर सरसर! आपलं यंत्र आपल्याले सांगत राह्यते, आता हे जोडलं, आता ते जोडलं. काही लपवत नाई."

कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली जयाबाईच्या यंत्रांवर आधी दुसरी, एका मोठ्या कंपनीची होती. ती उसनी, म्हणजे खरं तर चोरून आणलेल्या सीडीवरची, आणि दर महिन्याला तिला व्हायरस लागायचा. कंटाळून तिने एका मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी टाकली. हे लिनक्स जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं आहे, ते फुकट वाटायला मुभा आहे आणि आत काय लिहिलंय ते कोणालाही उघडून पाहता येतं, असं तिने मुखरूला सांगितलं. तिला वाटलं, हा चकित होईल. मुखरू उलट तिच्यावरच चकित झाला.

"म्हणजे त्या कंपनीचं आत काय आहे ते दिसत नाई?"

"नाई."

"बाई, बाजारातून जाळं आणलं तरी त्याची गाठ दिसतेच ना? फाटलं त आपणच सांधतो. गाठ झाकून जाळं विकणाऱ्याले आमच्यात कोणी पोरगी नाई देणार."

जयाबाई इतकी हसली म्हणे, की तिला खुर्ची धरावी लागली. पण त्या दिवसापासून ती त्याला टायपिंगच नव्हे, आतलंही शिकवू लागली.

आणि त्यात त्याला ती चाळणी सापडली. तिचं खरं नाव ग्रेप. मुखरूने चाळणी म्हटलं, आम्हीही तेच म्हणू लागलो. एका यादीत शब्द लिहून द्यायचे आणि सांगायचं, या मोठ्या लिखाणातून ज्या ज्या ओळीच्या सुरुवातीला हे शब्द असतील, तेवढ्या ओळी काढून दे. सोबत तिच्या आधीचीही एक ओळ दे म्हटलं तर तीही देते. आधीची ओळ म्हणजे शेपटी! म्हणजे ती नक्कलच झाली! ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी मुखरू एसटी स्टँडवरून घरी न जाता थेट माझ्या अंगणात आला. मी बैलाला पाणी दाखवत होतो. त्याने बादली माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली.

"सव्वीस वर्षं मी मान मोडून जे करत होतो ना, ते या चाळणीबाईनं एका फुंकरीत केलं. एका फुंकरीत, गा!"

"मग तुले वाईट नाई वाटलं?"

"वाईट? मी टाळ्या वाजवल्या! क्लासातले पोरं मायाकडे पाहत राह्यले."

अख्खं नाटक त्याने डाव्या हाताच्या दोन बोटांनी टाइप केलं. एकेक बोलणं, कितीही लांब असो, एका ओळीत. सुरुवातीला पात्राचं नाव. सत्तर पानं झाली. भैयाजी लिहिताना एकाच पात्राला कुठे 'सरपंच' म्हणत, कुठे 'आबा'. म्हणून प्रत्येक पात्रासाठी त्याच्या साऱ्या नावांची एक यादी करायची होती. एक यादी जयाबाईने करून दाखवली, चाळून पाहिली. चोख आली. उरलेल्या सहा, आणि तीही एक पुन्हा, मुखरूने स्वतःच्या हाताने केल्या. स्वतः केल्याशिवाय त्याला चैन नव्हतं.

इथेच ते झालं.

आमच्याकडे नक्कल लिहिणारा माणूस कागदाची पहिली ओळ कोरी सोडतो. ती रंगदेवतेची. गुरूने मुखरूला शिकवलेलं, मुखरूने सव्वीस वर्षं पाळलेलं. यादी लिहितानाही त्याने सवयीने पहिली ओळ देवाला सोडली, सातही वेळा. आणि कोरी ओळ चाळणीला दिली, की चाळणी तिचा अर्थ लावते, काहीही चालेल, सगळं येऊ दे. हे मुखरूला ठाऊक नव्हतं. जयाबाईला ठाऊक होतं, पण यादीत कोरी ओळ आहे हे तिला माहीत नव्हतं.

नकला काढायच्या दिवशी दिवे सकाळी तासभर होते, मग थेट दुपारी येणार होते आणि मुखरूला घरी देवकार्य होतं. तो सातही नकला तयार करून, न उघडता, छापायला सांगून निघून गेला. दिवे आले, जयाबाईने जुन्या लेझर प्रिंटरवर कागदाचं जवळजवळ अख्खं रीम छापलं, वर एकेका पात्राचं नाव घालून सुतळीने गठ्ठे बांधले आणि मंडळीच्या जीपवाल्याच्या हवाली केले. नक्कल किती जाड असते, याचा तिला काय अंदाज? तिने नाटक नेहमी समोरून पाहिलेलं. जीपवाल्याने वडसा, नागपूर, चंद्रपूर, जिथला नट तिथे नेऊन दिलं.

तालमीच्या दिवशी वडशाच्या गोदामात सारे जमले. आमची तालीम एकच असते, प्रयोगाच्या दोन दिवस आधी. मुखरू धुतलेला सदरा घालून आला होता. नागपूरची कांताबाई, पंधरा वर्षांपासूनची आमची नायिका, आपला गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. मुखरूने तो पाहिला आणि त्याचा चेहरा कागदासारखा झाला.

"कांताबाई, हे एवढं?"

"मलेही तेच वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, औंदा मलेच सारं बोलायचं आहे का काय!"

भैयाजींनी खलनायक करणाऱ्या बिरजूच्या हातातला गठ्ठा ओढला. चाळला. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान. अख्खं नाटक. मग दुसऱ्याचा ओढला. अख्खं नाटक. दोन वर्षांपूर्वी त्यांचं एक नाटक दुसऱ्या मंडळीने नाव बदलून पलीकडच्या मंडईत लावलं होतं. तेव्हापासून ते स्वतःच्या बायकोलाही शेवट सांगत नसत. आता सात गठ्ठे तीन जिल्ह्यांत फिरून आले होते.

"मुखरू," ते इतक्या हळू म्हणाले की मला पडद्यापाशी भीती वाटली, "हे तू केलं का तुया मशीननं?"

"मी केलं," मुखरू म्हणाला. "मशीननं मी सांगतलं तेच केलं असंन. काय चुकलं ते पाहून सांगतो. दोष माया."

"दुसऱ्या माणसाले बोलवा रे," भैयाजी जीपवाल्याला म्हणाले. "आन् सारे कागद जमा करा."

सहा गठ्ठे जमा झाले. कांताबाईने आपला पदराखाली घेतला.

"मी नाई देत."

"कांता!"

"नाई म्हणजे नाई. पंधरा वर्षं तुमच्या नाटकात रडून राह्यली मी, भैयाजी. शेपटी आली का रडायचं. काऊन रडतो, कोणासाठी रडतो, कोणाले ठाऊक? मागच्या साली तिसऱ्या अंकात मी ज्याच्यासाठी रडली, तो दुसऱ्या अंकात मायाच भावाले मारते, हे मले प्रयोगाच्या दिवशी कळलं. औंदाचं हे मी तीनदा वाचलं. मायी चंदा भाकर घेऊन येते तिथी मी आतापासून रडून राह्यली. आधी तालीम घ्या. मग घ्या कागद."

बिरजू हसला. "बाई, तुम्ही रडल्या. मी त मायाच पात्राले शिव्या देऊन राह्यलो दोन दिवसांपासून."

भैयाजींचा नाइलाज झाला. नायिकेवाचून तालीम कशाची? त्यांनी हात झटकला आणि आम्ही सुरू केलं.

मी तेवीस वर्षं दोरी ओढली, पण अशी तालीम पाहिली नाही. एरवी तालमीत नट शेपटीची वाट पाहत उभा राहतो, बाजारात बसची वाट पाहावी तसा. त्या दिवशी बिरजू समोरच्याचं बोलणं ऐकत होता. खरंच ऐकत होता. त्याचा चेहरा आधी बदलायचा, मग तो बोलायचा. तिसऱ्या अंकात कांताबाईने भाकरीचा तुकडा मोडला आणि काहीच बोलली नाही. तिथे बोलणं होतं, तिने गिळलं. गोदामात धानाची पोती रचणारे हमाल हातातलं काम टाकून उभे होते. मुखरू पुस्तक घेऊन बसला होता, पण शेवटपर्यंत त्याला एकही शब्द पुरवावा लागला नाही. मला वाटलं, गेला बिचारा. आता तर त्याची गरजच उरली नाही. पण त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा थरथरता हात मांडीवर ताल धरून होता आणि तोंडभर हसू होतं.

संपल्यावर भैयाजी पोत्यावरून उठले. मग म्हणाले, "तिथी कांतानं वाक्य खाल्लं."

"हाव," कांताबाई म्हणाली. "नको होतं ते."

"नकोच होतं," भैयाजी म्हणाले. त्यांनी जमा केलेले सहा गठ्ठे मुखरूच्या हातात दिले. "वाट ज्याचे त्याले."

प्रयोग कसा झाला ते पंचक्रोशीला ठाऊक आहे. त्या साली आम्हाला बासष्ट गावांच्या मंडईतून बोलावणं आलं. दुसऱ्या माणसाला भैयाजींनी निरोप पाठवला, येऊ नको.

मंडईचा हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी भैयाजी स्वतः मुखरूच्या मागोमाग ब्रह्मपुरीच्या एसटीत चढले. मीही होतो. क्लासात जयाबाईने त्यांना खुर्ची दिली, मुखरूने चाळणी चालवून दाखवली, एकदा कोऱ्या ओळीसकट, एकदा तिच्याशिवाय. भैयाजी दोन्ही वेळा पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हे दुसऱ्या मंडळीच्या माणसाले देऊ नको मात्र," ते म्हणाले.

"देऊन झालं, भैयाजी. परवा सिंदेवाहीचा एक जण आला होता. त्याले फ्लॉपीवर करून देलं. मले जसं भेटलं तसं द्यावं लागते."

"आन् मायं नाटक?"

"नाटक तुमचं. ते मी कोणाले देलं नाई. चाळणी सगळ्याईची."

भैयाजींनी जयाबाईकडे पाहिलं. तिने मान डोलावली. मग त्यांनी सदऱ्याच्या आतून एक शाळकरी वही काढली, अर्धीच भरलेली.

"हे पुढच्या सालचं. दुसरा अंक अडून राह्यला. टाइप कर आन् पूर्ण छापून पाठव. कांताले, बिरजूले, साऱ्याईले. कुठी चुकलं ते सांगा म्हणावं."

मुखरूने वही उघडून की-बोर्डच्या बाजूला टेकवली. डाव्या हाताची दोन बोटं वर उचलली आणि थांबला.

"जयाबाई, दिवे कितीपर्यंत आहेत?"

"बारापर्यंत."

"मग सरका, भैयाजी," तो म्हणाला. "उजेड अडवून राह्यले तुम्ही."