समुद्राकाठच्या बोळातली आई

वैशाखात आमच्या टोकावड्याच्या गावदेवीची पालखी निघते. लग्न होऊन आल्यापासून तिची ओटी भरायची मी कधी चुकवली नव्हती, आणि यंदा नेमकी त्याच आठवड्यात मी विमानात बसले. माझी मुलगी मनीषा आणि जावई निलेशराव नोकरीनिमित्त इटलीत राहतात. मनीषाला सातवा लागला होता. आधी एकदा राहिलं होतं, ते टिकलं नाही, म्हणून या वेळी आई-बाबा आधीपासून जवळ असावेत असा तिचा हट्ट. देवीची ओटी माझी जाऊ भरणार होती. "तू जा निवांत, मी हाय ना इथं," असं ती म्हणाली खरी. पण ज्या वर्षी लेकीसाठी सगळ्यात जास्त मागायचं, त्याच वर्षी मी देवीकडे पाठ फिरवून निघाले, हे माझ्या मनातून जाईना. विमानात दिलेलं जेवणही गोड लागलं नाही. तसं ते अळणीच होतं, पण मला वाटलं, हा देवीचा कोप.

निलेशराव शेणवे गावचे, स्वभावाने हौशी. बाळ आल्यावर कुठलं फिरणं, म्हणून त्यांनी भाड्याने छोटी गाडी घेतली आणि समुद्राच्या कडेकडेने आम्हाला फिरवायचं ठरवलं. डॉक्टरांनी मनीषाला परवानगी दिली होती. मला कोणी विचारलं नाही. तो रस्ता म्हणजे आपला माळशेज घाटच, फक्त दरीच्या जागी समुद्र. एका अंगाला कडा, त्यावर लिंबांच्या बागा, गुलाबी-पिवळी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. दुसऱ्या अंगाला निळंशार पाणी, इतकं खाली की मी एकदाच पाहिलं आणि पुढे डोळे मिटूनच निसर्ग बघितला. आमचे हे पुढे बसले होते. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे हे बरोबर आपल्याकडे ड्रायव्हर बसतो त्या जागी. त्यांचा पाय सारखा ब्रेक शोधायचा.

"निलेशराव, बस येतेय."

"दिसली मामा."

"मोठी हाय."

"दिसली मामा."

"तिला जाऊ द्या पहिली. आपल्याला कुठं पंचायतीची मीटिंग हाय?"

दुपारी एका गावाशी पोहोचलो. आमचं हॉटेल वरच्या आळीत होतं. फोनमधली बाई रस्ता सांगत होती आणि निलेशराव तिचं ऐकत होते. ह्यांचं ऐकण्यापेक्षा ते सोपं होतं. चढून वर गेलो, मग बाई म्हणाली उजवीकडे वळा, खाली उतरा. रस्ता अरुंद झाला, मग आणखी अरुंद झाला. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतल्या कुंड्या हाताशी आल्या. एक म्हातारा दारात खुर्ची टाकून बसला होता, त्याने खुर्चीसकट पाय आत घेतले.

"निलेशराव, हा रस्ता नाय. ही कोणाची तरी पडवी हाय," हे म्हणाले.

तेवढ्यात वळण आलं. गाडीचं तोंड वळलं, मागची बाजू वळली नाही. एका भिंतीला पुढचा कोपरा टेकला, दुसऱ्या भिंतीला मागचा. निलेशरावांनी पुढे घेतली, मागे घेतली, आणि दर वेळी करकर आवाज करत गाडी जास्तच रुतत गेली. शेवटी चारही दारांपैकी एकही उघडेना. ह्यांनी काच खाली करून भिंतीला हात लावला आणि "दगडाची हाय" अशी माहिती दिली.

आधी आम्ही हसलो. मग उन्हाने गाडी तापली. मनीषाला लघवीला जायचं होतं आणि ती ते कोणाला सांगेना. थोड्या वेळाने तिने माझा हात घट्ट धरला. चेहरा पांढरा पडला होता.

"आये, पोटात दुखतंय गो."

मी डोळे मिटले आणि आमच्या गावदेवीला म्हटलं, बये, मी आले नाही तर माझ्यावर काढ राग, पोरीवर नको. मला येता येत नाही आता. दारसुद्धा उघडत नाही.

आणि मला ढोल ऐकू आला.

खरं सांगते, मला वाटलं कानात भास होतोय. पण ढोलामागून पिपाण्या वाजल्या आणि निलेशराव आरशात बघून म्हणाले, "मामा, मिरवणूक येतेय." मी वळून मागच्या काचेतून पाहिलं. बोळाच्या वरच्या अंगाने बँड येत होता, त्यामागे फुलं उधळणारी माणसं, आणि त्यांच्या खांद्यांवर, हलत-डुलत, निळा शेला पांघरलेली, दागिन्यांनी भरलेली देवी. पालखीच! त्यांच्या गावची आई त्याच दिवशी समुद्राकडे निघाली होती, आणि तिच्या वाटेत आमची गाडी बूच लावल्यासारखी बसलेली.

बँड थांबला. शेवटची पिपाणी जरा उशिरा थांबली. गर्दीतून काळ्या झग्यातली एक म्हातारी पुढे आली. तिने काचेतून मनीषाचं पोट पाहिलं आणि मागे वळून ती अशी काही ओरडली, की त्या धिप्पाड माणसांनी देवी तिथेच, पालखी टेकवायच्या लाकडी घोड्यांवर टेकवली आणि धावत आले. त्यांनी डिकी उघडली. मागच्या सीटची पाठ आडवी करायची तर आम्ही दोघी मध्ये, म्हणून आधी मला तिच्यावरून डिकीत ओढणं भाग होतं. सहावारी साडीत, पाय आधी, दोन बायकांनी ओढलेली मी डिकीतून घसरले ती थेट जमिनीवर पालथी, देवीसमोर, हात पसरून. मग मनीषाला त्यांनी उशा लावून, फुलासारखं अलगद काढलं. म्हातारी तिला हाताला धरून समोरच्या घरात घेऊन गेली. निलेशरावही डिकीतूनच निघाले.

राहिले हे. त्यांची कंबर धरली होती. "मी इथंच बरा हाय," म्हणाले. त्या लोकांना ते समजलं असावं. दहा-बारा जणांनी गाडीची मागची बाजू उचलली आणि थोडी थोडी सरकवत सरळ केली. मग सगळ्यांनी मिळून ती ढकलत वर नेली आणि देवीच्या अलीकडच्याच एका मोठ्या फाटकातून अंगणात घातली. बँडवाल्याला राहवलं नाही, त्याने ढोल वाजवला. लोक टाळ्या वाजवू लागले. देवी घोड्यांवर थांबलेली, आणि तिचे भोई आमच्या ह्यांना मिरवत नेत होते. हे आतून लाजून सगळ्यांना नमस्कार करत होते. एका पोरीने त्यांच्यावर फुलं टाकली.

मनीषा घरातून बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर रंग परतला होता. "आये, आता बरंय. बाळ लाथा मारतंय." त्या म्हातारीने तपासलं होतं, भीतीने आणि उकाड्याने पोट आवळलं, बाकी काही नाही, असं सांगितलं. ती त्या गावची जुनी सुईण होती. तिने देवीच्या पायाजवळचं एक पांढरं फूल काढून मनीषाच्या केसात खोचलं.

आम्ही पालखीच्या मागे चालत समुद्रापर्यंत गेलो. तिथे देवीला होडीत ठेवलं, होडी हळूहळू दूर गेली, सगळे बघत उभे राहिले. मीही हात जोडले. इतकी वर्षं देवापुढे उभी राहिले की माझी मागणी तयार असायची, एकामागून एक. त्या दिवशी काहीच आठवेना. रडू मात्र येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं. ज्या वेळी माझ्या हातात काहीही उरलं नव्हतं, नुसतं बसून राहणं होतं, तेव्हाच सगळं झालं. मी एवढंच समजले, जास्त काही मला सांगता येत नाही.

पुढे दिवस पूर्ण भरले आणि मुलगी झाली, खणखणीत. गावी परत आल्यावर बायका मला विचारतात, ती कोणती देवी गो? मनीषाने नाव सांगितलं होतं, पण मला ते नीट उच्चारता येत नाही. मी तिला आईच म्हणते, आणि ती ओ देते.