लॅपटॉपवर उघडी राहिलेली पटकथा

द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरची कागदपत्रं टाइप करायची नोकरी लागली, म्हणून मी परभणीहून पनवेलला आले. बाजाराच्या मागच्या मोहल्ल्यात एका घरी पेइंग गेस्ट म्हणून राहिले. घरात दोघीच होत्या, भाभी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. भाभींचे मिस्टर आखातात नोकरीला होते. माझ्या आईला मी नुसतं 'एका बाईंकडे राहते' एवढंच सांगितलं होतं. मोहल्ला कुठला, हे सांगायची हिंमत झाली नव्हती. भाभींनी मात्र पहिल्याच दिवशी माझ्यासाठी वेगळा तवा काढून ठेवला. "तुझ्या मनात शंका नको राहायला," म्हणाल्या.

मला पटकथा लिहायच्या होत्या. क्लासला जायची ऐपत नव्हती, वेळही नव्हता. इंटरनेटवर एक फुकट साधन सापडलं. त्यात प्रसंग, पात्र, संवाद सगळं आपोआप जागच्या जागी बसायचं. फुकटात तीनच पटकथा ठेवता यायच्या, आणि पीडीएफ काढली की मराठी जोडाक्षरं तुटून पडायची. तरी मला ते फार मोठं वाटायचं. माझ्यासारख्याच बाराजणांचा एक ऑनलाइन गट होता. दर आठवड्याला आम्ही एकमेकांची पानं वाचायचो. माझ्या पानांवर बहुतेक वेळा 'छान प्रयत्न' एवढंच यायचं.

फोनवर टाइप करून अंगठे दुखायचे. ते पाहून भाभींची मुलगी एकदा म्हणाली, "ताई, रविवारी मी क्लासला जाते. तेव्हा माझा लॅपटॉप घे ना." तेव्हापासून रविवारची दुपार माझी झाली.

अशाच एका रविवारी भाभी वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी मदतीला बसले. रमजान जवळ आला होता. बोलता बोलता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तू बाहेरची आहेस म्हणून सांगते. माझ्या बहिणींनापण नाय माहीत."

तीन वर्षं मिस्टर सुट्टीवर आले नव्हते. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना एका लहान मुलाचा हात मध्ये आला आणि फोन ओढायला लागला. मागून कुणी बाई त्याला हाका मारत होती. भाभींनी काही विचारलं नाही. मिस्टरांनीही काही सांगितलं नाही. तेव्हापासून दर रमजानला भाभी मुंबईला जाऊन परदेशी चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या आणायच्या, किमतीची लेबलं नखाने खरवडायच्या, आणि 'ह्यांनी पाठवलंय' म्हणून नातेवाइकांत वाटायच्या.

"आणि ही?" मी मुलीच्या खोलीकडे बघून विचारलं.

"तिला कळता कामा नये. बापावर फार जीव आहे तिचा."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. तो खरंच मनापासून ठेवला होता. पण हेही खरं की त्याच क्षणी माझ्या मनात प्रसंग मांडले जात होते: स्वयंपाकघर, दुपार, एक बाई लेबल खरवडतेय.

पुढच्या चार रविवारांत मी ते सगळं लिहून काढलं. पात्राचं नाव 'भाभी' असंच ठेवलं. नंतर बदलू म्हटलं. 'भा' टाइप केलं की ते साधन पुढचं नाव स्वतःच पुरं करायचं, त्यामुळे बदलायचं राहूनच गेलं. पीडीएफ गटावर टाकली. पहिल्यांदाच सगळ्यांनी भरभरून लिहिलं. एकाने लिहिलं, 'ही बाई खरी वाटते.' ते वाक्य मी गोदामाच्या बसमध्ये पुन्हा पुन्हा वाचलं आणि हसत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी मी लॅपटॉप मिटला, पण त्या साधनातल्या माझ्या खात्यातून बाहेर पडायला विसरले.

सोमवारी कामावरून आले तर दोघी बैठकीत बसल्या होत्या. लॅपटॉप उघडा होता. मुलगी रडून शांत झालेली दिसत होती.

"ताई, हे कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"काल्पनिक आहे," मी म्हटलं. "भाभी तर काय, कुणालाही म्हणतात."

"मी अम्मीला लेबल काढताना बघितलंय." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं होतं, जुन्या डब्याचं असेल."

मी भाभींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "पूस ते."

मी त्यांच्यासमोर पटकथा डिलीट केली.

"अजून कुणी वाचलं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी. मी जन्मात इतकं सहज खोटं कधी बोलले नव्हते, आणि इतक्या सहज कुणी ते मान्यही केलं नव्हतं.

जा, असं त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. चहा वेळेवर मिळायचा, डबा भरलेला असायचा. फक्त स्वयंपाकघरात मी गेले की त्या बोलणं थांबवायच्या. मुलगी वडिलांचा फोन घेईनाशी झाली. भिंतीपलीकडून मला फोनची रिंग ऐकू यायची, वाजून वाजून बंद व्हायची. महिनाअखेर मी रोडपालीला दुसऱ्या मुलींबरोबर खोली घेतली. निघताना भाभींच्या पाया पडायला वाकले तर त्या मागे सरकल्या. "आमच्यात नाय पडत," एवढंच म्हणाल्या.

वर्षभर मी काही लिहिलं नाही. गटही सोडला. ते 'नाही' मात्र मनातून जाईना. शेवटी एका दुपारी मोहल्ल्यात गेले. भाभींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, "भाभी, मी खोटं बोलले होते. बाराजणांनी वाचलं होतं."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग त्यांनी जे विचारलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती.

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले... ही बाई खरी वाटते."

मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याच होत्या.

"माझी पोर सहा महिने माझ्याशी नीट बोलली नाय," भाभी म्हणाल्या. "बापावरचा राग माझ्यावर. मी का लपवलं म्हणून. आता कुठे बोलायला लागलीये."

"मला माफ करा."

"ते मला नाय जमणार अजून," त्या शांतपणे म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघितलं. "ती सहाला येते. तू त्याच्या आधी निघ."

मी ते पाणी प्यायले, ग्लास खाली ठेवला आणि चपला घातल्या.