पाच बोटं, चार गोष्टी

अबुधाबीतल्या हॉस्पिटलात वीस वर्षं मी लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढतोय, पण असा हात कधी पाहिला नव्हता. रिसेप्शनवरची रत्नागिरीची ताई आधीच येऊन कानात सांगून गेली होती, "दादा, पुढचा पेशंट मेक्सिकोचा मोठा गोलकीपर होता म्हणे. हात बघा त्याचा! हात कसला, आल्याचा गड्डा!"

साठीचा, दारातून वाकून आत येणारा माणूस. संध्याकाळी जुन्या खेळाडूंची मॅच होती. त्याचे सगळे सोबती त्यासाठी जगभरातून जमले होते. आणि सकाळच्या सरावात उजव्या हाताला बॉल जोरात लागला होता.

"हात सपाट ठेवा, सर."

तो हसला. "तीस वर्षं उशीर झाला, अमिगो."

स्क्रीनवर हाडं उमटली आणि स्वारी रंगात आली. अंगठा? आपल्याच बचावपटूचा बूट. तर्जनी? सतराव्या वर्षी, पहिल्याच मॅचला. मोडल्याचं कुणाला सांगितलं नाही. जागा गेली असती ना! मधलं बोट फायनलच्या पेनल्टीचं. बॉल अडला, बोट गेलं. सगळं शहर रस्त्यावर नाचत होतं तेव्हा ह्याचा पंजा बर्फाच्या बादलीत. अनामिकेचा सांधा तर असा फुगून बसलाय की लग्नाची अंगठी जात नाही. "दोन्ही अंगठ्या बायकोच घालते!"

मी आ वासून ऐकत होतो. एका पंज्यात अख्खी कारकीर्द!

"आणि करंगळी?"

"ती? जुनं आहे. सरावात."

बस्स, एवढंच. मी स्वतः गोष्टीवेल्हाळ माणूस. तिखटमीठ न लावलेली गोष्ट मला लगेच खटकते. पुन्हा नीट पाहिलं. हाडातल्या चिरेची कड धारदार होती; जुनी चीर भरून बोथट होते.

डॉक्टर आले. वयाने कोवळे, स्वभावाने कडक. "करंगळीचं जुनंच ना?"

गोलकीपरने माझ्याकडे पाहिलं, पेनल्टी मारणाऱ्याकडे पाहावं तसं.

"नाही डॉक्टर. आजचं वाटतंय."

"मग मॅच खलास," डॉक्टर त्याला म्हणाले. "पुन्हा बॉल लागला तर हाड पूर्ण तुटेल."

त्याने गंभीरपणे विचार केला. "आणि बॉल? तो अडेल ना?"

डॉक्टर खुर्ची ओढून त्याची करंगळी संध्याकाळच्या मॅचसाठी अनामिकेला घट्ट बांधायला बसले. पट्टीचं टोक मी धरलं.