रेसमध्ये बुडणारी ओळ

सडक अर्जुनीला माझी स्कूटी दुरुस्त करणारे दादा दुकानात जुनी इंग्रजी रॉक गाणी मोठ्यानं लावतात. इंजिनाचा ठोका ते त्या ड्रमच्या तालावर जुळवतात. एकदा एक गाणं चालू असताना त्यांनीच गाणाऱ्याबद्दल विचारलं, "मॅडम, हा एवढा जीव लावून काय सांगून राहिला?"

मी सांगितलं, "बाईला म्हणतोय, माझं ऐकलं नाहीस तर जिवंत सोडणार नाही."

दादांनी हातातला पाना खाली ठेवला. "एवढी चांगली चाल, अन् असं कायले बोलते? माया पोरीले लय आवडते हे गाणं."

ती ओळ नेमकी कुठली, तेही त्यांनी विचारून घेतलं.

गाणं काही बंद झालं नाही. पण आता दुकानात बाईमाणूस असलं आणि ती ओळ आली, की दादा समोरच्या गाडीला जोरात रेस देतात. ओळ त्या आवाजात बुडते. दादा वर बघत नाहीत. मला बरं वाटावं की राग यावा, तेच कळत नाही.

काल गाडी घेऊन निघाले. वळणावर पोचते तोच मागून ती ओळ मोकळी ऐकू आली. दादा सोबत गात होते.

आणि हेल्मेटच्या आत मीही.