मधमाश्या, कूलर आणि शेजाऱ्याची हरकत

चंद्रपुरात माझं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलर बंद पडला की माणूस तो रिक्षात घालून आणतो आणि दुरुस्त होईपर्यंत समोरच्या बाकड्यावर बसतो. बसला की बोलतो. त्यामुळे माझ्या दुकानात भंगार मोटारींपेक्षा किस्सेच जास्त साचलेत! त्यातले सगळ्यात गोड किस्से आमच्या लेआउटमधल्या मधमाश्यांचे.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे आम्ही तिघंच. एक मी, हौस म्हणून. दुसरे मडावी सर, मूळचे एटापल्लीकडचे, शाळेत विज्ञान शिकवतात. तिसऱ्या रत्नाबाई, रिटायर नर्स. बाईंच्या पेट्या त्यांच्या यजमानांनी स्वतःच्या हातानं सागाच्या फळ्यांच्या केलेल्या. ते फॉरेस्ट गार्ड होते. ते गेले आणि घरात बाई आणि पेट्या राहिल्या.

"एवढा ताप काऊन घेता बाई?" मी एकदा विचारलं.

"घरात कोनाचा तरी आवाज पायजे ना रे," त्या म्हणाल्या.

पुन्हा मी तो विषय काढला नाही.

*

बाईंच्या भिंतीपलीकडे वासेकर काका राहतात. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेत, पण आवाज अजून खाणीतलाच. एक दिवस त्यांच्या कानाला माशी चावली आणि त्यांनी प्लॉटधारक मंडळाकडे नियमांची मागणी केली.

मंडळाचे सेक्रेटरी बोरकुटेभाऊ. भला माणूस, पण घाईचा. मंडळाचे कुत्र्यांचे नियम तयारच होते. भाऊंनी कुत्र्याच्या जागी मधमाशी टाकली आणि मीटिंगमध्ये वाचायला घेतलं.

"मधमाशी मोकाट सोडू नये. फिरवून राह्यले असताना तिच्या गळ्यात पट्टा असावा."

मडावी सर शांतपणे उभे राहिले.

"पट्टा मी बांधतो भाऊ. तुमी फक्त माशी धरून ठेवा!"

*

नवीन नियम आले. पेटी प्रत्येक भिंतीपासून दहा फूट दूर पाहिजे. बोरकुटेभाऊ टेप घेऊन बाईंच्या मागच्या अंगणात उतरले. अंगण केवढं, दोन खाटा टाकल्या की संपलं! इकडून मोजलं की तिकडची भिंत येई, तिकडून मोजलं की इकडची. मोजता मोजता भाऊ मागच्या दारातून घरात शिरले आणि हॉलमध्ये बाईंच्या दिवाणापाशी थांबले.

"बाई, कंपाउंडच्या सगळ्या भिंतींपासून दहा फूट, अशी जागा हीच एक हाय."

"ठेवा मग पेटी दिवानावर," बाई म्हणाल्या. "मी आंगनात झोपीन. माह्यासाठी किती फूट ते सांगून द्या!"

दुसऱ्याच दिवशी नियम पाच फुटांचा झाला.

*

पुढचा नियम, पेटीचं तोंड शेजाऱ्याकडे नको. मी आज्ञाधारक माणूस. माझी पेटी फिरवली, तर तोंड नेमकं आमच्या बाथरूमच्या खिडकीकडे आलं. सकाळी आत आमची मंडळी आंघोळीला आणि खिडकीत माश्यांची रांग. असा काही आवाज आला बाप्पा, की मी चहा अर्धा टाकून गल्लीत पळालो!

संध्याकाळी बायको थेट बोरकुटेभाऊंच्या दारात उभी.

"भाऊ, तुमच्या नियमात बायकोची हरकत चालते का?"

"नाई वहिनी, फक्त शेजाऱ्याची."

"मंग आजपासून मी याची शेजारीन!"

*

एकदा वासेकर काका काचेच्या ग्लासात माशी पकडून मंडळाच्या खोलीत आले. "ही बाईचीच हाय. माह्या आंब्याच्या फोडीवर बसली होती."

बोरकुटेभाऊंनी रत्नाबाईंना बोलावलं. बाईंनी चष्मा लावला आणि ग्लास उजेडात धरून निरखला.

"माही नाई. माह्या माश्या कोनाच्या घरी न बोलावता खात नाई."

मडावी सरांनी ग्लास उपडा केला. माशी उडाली, काकांच्या डोक्याला एक फेरी मारली आणि सरळ बाईंच्या अंगणात गेली.

"पाहुनी असन," बाई म्हणाल्या.

*

पण खरी पंचाईत झाली पाण्याच्या नियमानं. पेटीवाल्यानं माश्यांच्या पाण्याची सोय आपल्याच अंगणात करायची. बाई रोज सकाळी मातीच्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी भरत, माश्यांना बसायला गोटे ठेवत. माश्या त्याच्याकडे बघायच्याही नाहीत! भिंत ओलांडून सरळ काकांच्या कूलरवर.

मडावी सरांनी भिंतीशी उभं राहून कारण सांगितलं. "बाई, माशीले फिल्टरचं पानी नाई आवडत. शिळं, वास मारनारं, कूलरच्या जाळीतल्या ओल्या घासातलं, गवतातलं पायजे. वासेकरभाऊचा कूलर म्हनजे त्यायच्यासाठी हॉटेल हाय!"

"म्हनजे माहा कूलर घान हाय?" भिंतीपलीकडून काका गरजले.

"मागच्या उन्हाळ्यापासून धुतला नाई, मंग काय म्हनाव?" ही शोभाकाकू, काकांची बायको.

काका पेटले. त्यांनी शेवटच्या नियमाखाली हरकत नोंदवली. उन्हाळा संपेपर्यंत शेजाऱ्याची हरकत मिटली नाही, तर पेट्या लेआउटच्या बाहेर.

रत्नाबाई माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या. दुरुस्तीला काहीच आणलं नव्हतं. "भावाचं वावर हाय पोंभुर्ण्याले. तिथी ठेवतो म्हनते तो. माश्या सुखात राहतील रे तिथी," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

मला फार वाईट वाटलं. हातातली मोटार मी उगाच पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनीच निरोप पाठवला. "माहा कूलर घरातून काढ आनि आंगनात पेट्यायजवळ लावून दे. पंखा नको, फक्त पंप चालू ठेव."

"आनि तुमी? मे महिन्यात?"

"मी पाहीन माह्यं."

आठवड्याभरात माश्या बाईंच्या कूलरवर स्थिरावल्या. काकांच्या घासावर एक माशी नाही. काका जिंकले!

त्याच दुपारी काकांच्या दारात रत्नाबाई उभ्या. हातात निवडायच्या तांदळाचं सूप. "भाऊ, नियमापायी माहा कूलर माश्यायले गेला. आता मी कुठी बसू?"

शोभाकाकूंनी त्यांना हात धरून आत ओढलं. मग रोज तेच. जेवण झालं की बाई हजर. कूलरसमोर दोघींच्या गप्पा, हसणं, खिदळणं. काकांची खाट गेली पॅसेजमध्ये आणि झोप गेली उडून. काका तणतणत माझ्या दुकानात आले.

"माश्या बऱ्या होत्या बे! पानी पिऊन वापस तरी जात होत्या!"

मीटिंगमध्ये त्यांनी उभं राहून विचारलं, "भाऊ, पेटी भिंतीपासून पाच फूट. बाईसाठी काई अंतर हाय का?"

बोरकुटेभाऊंनी गंभीरपणे नियम चाळले. "पान्याचाच नियम लागते. जे आपल्या घरी येऊ नये वाटते, त्याची थंड सोय त्याच्या घरी करावी."

संध्याकाळी काकांनी माझ्याकडून एक जुना कूलर घेतला आणि मला सोबत घेऊन बाईंच्या हॉलमध्ये नेऊन बसवला. "हरकत तशीच हाय, ध्यानात ठेवा," बाईंना बजावलं. आणि मला दाराबाहेर हळूच म्हणाले, "आता दुपार माही!"

दुसऱ्या दुपारी बाई आपल्या घरीच राहिल्या. शोभाकाकू तांदूळ घेऊन तिकडे गेल्या.

काका आपल्या हॉलमध्ये, आपल्या खाटेवर, आपल्या कूलरसमोर. एकटे. दोन दिवस झोपले म्हणे. तिसऱ्या दिवशी मी बाईंच्या अंगणात माश्यांच्या कूलरचा पंप साफ करत होतो. माश्या गुणगुणत होत्या, आत दोघी हसत होत्या. भिंतीवर काकांचं डोकं वर आलं.

"बाई! तुमच्या कूलरसमोर एखाद्या मानसाची जागा हाय का?"

रत्नाबाई मागच्या दारात आल्या. "हाय ना भाऊ. पन पहिले पेट्यायवरची हरकत मांगं घ्या."

"घेतली! या पोराच्या समोर घेतली. येऊ का?"

"थांबा. नियम हाय. शेजाऱ्याले इचारा लागते."

आतून शोभाकाकूंचा आवाज आला.

"हरकत हाय!"