बाईंसाठी शिवलेली गोधडी

परवा धुळ्यात एका निवृत्ती समारंभात झेंडूच्या हारांचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात मिशनचा दवाखाना होता. तिथल्या परदेशी नर्सबाई वीस वर्षांनी कायमच्या मायदेशी निघाल्या, त्या दिवशी असाच वास होता. माझी आई त्यांच्या हाताखाली बाळंतपणं करायची. बाईंनी बाळंतपणातून सोडवलेल्या एकेकीकडून लुगड्याचा तुकडा मागून आणून तिने निरोपाची गोधडी शिवली होती.

भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, पितळी मानचिन्ह झालं. मग आई पुढे गेली. "बाई, तुमनासाठे शिवेल शे. थंडीमा पांघरजा."

मिशनचे सेक्रेटरी मध्येच म्हणाले, "अक्का, विमानात एवढं वजन चालत नाही. ठेवा तिकडे."

गोधडी बाकाखाली गेली. जड मानचिन्ह मात्र बॅगेत गेलं.

मी तेव्हा दहावीत होते. कित्येक वर्षं मी त्या सेक्रेटरींनाच शिव्या घातल्या. आता संताप येतो तो बाईंचा. एरवी औषधाची वेळ चुकली तरी आमच्याशी अहिराणीत भांडणाऱ्या या बाईला त्या दिवशी एक शब्द सुचू नये? त्या नुसत्या हसल्या, आईचा खांदा थोपटला आणि जीपमध्ये बसल्या.

गोधडी मीच उचलून घरी आणली.

"त्यासले घाई व्हती," आई म्हणाली.

त्या हिवाळ्यात मी ती पांघरायला काढली, तर आईने हातातून ओढून घेतली.

"ठेव ती. दुसरानी वस्तू शे."