सुशी पहिल्यांदा अडली

“बाई, सुशीला आज बी पयलीवर बसवतो,” हेडगुरुजींनी दारातूनच सांगितलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता चौथीतल्या सुशीच्या हातात छडी दिली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिराळ्याजवळची आमची शाळा दोनशिक्षकी होती, म्हणजे इयत्ता चार आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. गुरुजींना पंचायत समितीत मीटिंग निघाली, की चौथीतलं सगळ्यात हुशार पोर पहिलीला शिकवायचं. ही रीत सगळीकडेच होती. आमच्या गुरुजींच्या मीटिंगा मात्र जरा जास्तच निघत.

सुशीचे वडील मिलिटरीत. सुट्टीवर आले तेव्हा माझ्यासमोर म्हणाले होते, “स्कॉलरशिप मिळाली तर शिराळ्याला धाडतो. न्हाईतर चौथी बास.” गावात शाळा चौथीपर्यंतच. परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरगी पहिलीच्या पोरांकडून बाराखडी घोकून घेत होती.

मी गुरुजींना गाठलं. “तिचा अभ्यास बुडतोय.”

“आवं, हुशार हाय ती! तिला शिकवायला कशाला पायजे?”

तिच्या आईकडे गेले, तर तीही खुशीत. “आमची सुशी मास्तरीण झालीया! लय मान हाय बाई तिला.”

मग मी कोणाला न विचारता सुशीला माझ्या वर्गात आणून बसवलं. पहिलीवर तिसरीतली मुलं आळीपाळीने पाठवली. पहिलीचं काही बिघडलं नाही.

वर्गाची गणितं सुशी इतर पोरांचं अर्धं व्हायच्या आत संपवायची. म्हणून तिला वेगळं गणित घातलं : मेंढ्या आणि कोंबड्या मिळून डोकी बारा, पाय चाळीस, तर मेंढ्या किती? सुशीने पाटीकडे बघितलं. पुन्हा बघितलं. मग पाटी बाजूला सारली आणि रडायलाच लागली.

“मला पयलीवरच बसवा!”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोर आजवर कधी अडलीच नव्हती. अडल्यावर काय करायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि पहिलीवर अडायचा प्रश्नच नव्हता. मला तिची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या पुस्तकातलं एक अवघड गणित मुद्दाम तयारी न करता फळ्यावर घेतलं. चुकले. पुसलं. परत चुकले. पोरं खुसुखुसू हसायला लागली.

सुशी डोळे मोठे करून म्हणाली, “बाई, तुमी चुकला?”

“चुकले की. आता चित्र काढून बघते.” चित्र काढलं तेव्हा कुठे ते सुटलं.

मधल्या सुट्टीत सुशी पाटी घेऊन कोपऱ्यात बसली. मी शेजारी जाऊन बसले, पण तोंड उघडलं नाही. तिने बारा गोल काढले, प्रत्येकाला दोन-दोन पाय दिले. उरलेले पाय दोन-दोन करून वाटत गेली. “आठ मेंढ्या!” ती इतक्या जोरात ओरडली की गुरुजी चहा टाकून बाहेर आले. त्यानंतर रोज एक अडणारं गणित मी तिला घालत गेले आणि ती माझ्याशी भांडत ते सोडवत गेली.

परीक्षेचं सेंटर शिराळ्याला होतं. पेपर सुटल्यावर बाकीची पोरं “लय सोप्पा!” म्हणत बाहेर आली. सुशी सगळ्यात शेवटी आली.

“बाई, दोन गणितं अडली.”

“मग?”

“मग काय, चित्र काढलं. एक सुटलं. दुसऱ्यानं लय येळ खाल्ला, मग दिलं सोडून.”

स्कॉलरशिप मिळाली. जूनमध्ये सुशी शिराळ्याच्या शाळेत गेली. मी त्या दिवसापासून एक धडा पक्का धरला : हुशार मुलाला शिकवायचं म्हणजे त्याला अडेल असं काहीतरी द्यायचं आणि ते अडलं की शेजारी बसायचं.

गावात पेढे गुरुजींनीच वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, “मी तवाच म्हनलं हुतं बाई, हुशार हाय ती. तिला शिकवायला लागतच न्हाई.”

पेढा चांगला होता. मी तो खाल्ला.